उसाच्या रांगेतला पाळक

कोल्हापुरातला माझा पहिला उपदेश चाळीस मिनिटं चालला. धर्मशिक्षण पुरं करून मी नुकताच बाहेर पडलो होतो. अंगात नवा काळा कोट होता आणि हातात वही. वहीत तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला चार पोटमुद्दे. उपासना संपली आणि मंडळी दारात हात मिळवून "सलाम, सलाम" म्हणत घरी गेली. ज्यांच्या हाताखाली मला धाडलं होतं ते थोरले पाळक मागं राहून बाकं सरळ करत होते. मी उगाच त्यांच्याजवळ घुटमळलो.

"चांगला होता," ते म्हणाले. "फक्त कुणाला सांगत होतात ते कळलं नाही."

संस्थान विलीन होऊन दोनएक वर्षं झाली होती. मी नगरकडचा, वय पंचवीस. शिवाजी पेठेत तालमीला लागून एक खोली घेतली होती. सकाळी डोळे मिटून मी मनःशांतीसाठी प्रार्थना करत असायचो आणि भिंतीपलीकडं कुणीतरी कुणालातरी धाडकन आपटायचं. गावाची बोलीही मला झेपत नव्हती. पहिल्याच आठवड्यात दूधवाला दारात उभा राहून इतका ओरडला की मी घाबरून दोन पावलं मागं सरलो. शेजारणीनं सांगितलं, तो भांडत नव्हता, तुमची चौकशी करत होता.

महिनाभरानं थोरल्या पाळकांनी मला बोलावून घेतलं. "आपली दोन घरं कसबा बावड्याला आहेत. साखर कारखान्यात कामाला. पाळी फिरती असते, रविवार त्यांना मिळत नाही. गळीत चालू आहे तोवर तुम्ही दर बुधवारी दुपारी तिथं जाऊन उपासना घेत जा. आणि वही इथंच ठेवा."

मी वही नेली.

सायकल काढून निघालो तो बावड्याच्या अलीकडंच अडकलो. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या उभ्या होत्या. एकामागं एक, नजर पोचेल तिथवर. काल दुपारपासून आलेल्या गाड्या वजनकाट्यावर नंबर लागायची वाट बघत होत्या. कुणी गाडीखाली पटका तोंडावर घेऊन झोपलेलं, कुणी तीन दगड मांडून पिठलं ढवळतंय, दोघेजण बैलाच्या शिंगावरून भांडतायत, आणि सगळ्या रस्त्यावर उसाच्या चोयट्यांचा गालिचा. सायकल चालवणं शक्यच नव्हतं. मी ती ढकलत कडेकडेनं पुढं निघालो.

"ओ पावणं!" वरून आवाज आला. उसाच्या मोळ्यांवर बसलेला एक दांडगा गडी दातानं ऊस सोलत होता. "रांग मागनं लागती. आमी काय हितं लग्नाला बसलोय व्हय?"

"माझ्याकडे ऊस नाही," मी म्हणालो.

"मग कशाला आलाय?"

"मी पाळक आहे."

"काय पाळता?"

हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या तीन वर्षांत मला कुणीही विचारला नव्हता. जरा विचार करून मी म्हणालो, "माणसं."

"दूध किती देत्यात?"

पुढच्या-मागच्या पाच-सहा गाड्या हसल्या. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? हसल्यामुळं असेल, त्या गड्यानं उसाचं एक कांडं माझ्याकडं फेकलं. मी झेललं. आता ह्या माणसांना आपणही काहीतरी द्यावं असं वाटून मी म्हणालो, "तुम्हाला एक दाखला सांगू का?"

आमच्या ख्रिस्ती मराठीत येशूनं सांगितलेल्या गोष्टीला दाखला म्हणतात. रांगेच्या मराठीत दाखला म्हणजे कचेरीतून मिळणारा कागद. मला हे सुचायच्या आत शब्द मागं पोचला होता. "दाखलावाला आलाय! दाखला!" गाडीखालची माणसं उठली. पिठलं ढवळणारा पळी घेऊनच आला. एकजण विचारत होता, वयाचा देता का जमिनीचा? एका म्हाताऱ्यानं पटक्याच्या घडीतून चौघडी केलेला कागद काढून माझ्यापुढं धरला.

खरं तर तिथल्या तिथं गैरसमज दूर करायला हवा होता. पण एवढी गर्दी मला आमच्या चर्चमध्ये कधी मिळाली नव्हती. मी घाईघाईनं सुरुवात केली. "एका माणसाला दोन मुलगे होते."

कागद मिळणार नाही हे हळूहळू लोकांना कळलं. पण कळेपर्यंत ते गोष्टीत गुंतले होते.

"धाकटा बापाला म्हणाला, माझ्या वाटणीचं मला देऊन टाका."

"बाप जिता हाय?" दांडग्यानं विचारलं.

"आहे."

"हिंडताफिरता?"

"हो."

"आन् दिली वाटणी?"

"दिली."

"येडाच हाय की बाप!"

इथून पुढचा अर्धा तास गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. पिठलंवाल्याचं म्हणणं, पोराच्या थोबाडीत द्यायला पाहिजे होती. दुसऱ्या एकाचा भाऊ वकिलाकडं कारकून होता. त्यानं मला विचारलं, इस्टेट वडिलार्जित का स्वकष्टाची? मी म्हणालो, पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. "मग पयलं ते बघा की," तो म्हणाला. "त्याच्यावरच सगळं हाय."

कसाबसा मी पुढं सरकलो. "धाकटा सगळं घेऊन दूर देशी निघून गेला."

"लांब?" कागद काढणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"खूप लांब."

"गारगोटीपरास?"

सगळे हसले, गारगोटी जेमतेम तीस मैलांवर होती. म्हातारा हसला नाही. त्यानं कागद पुन्हा पटक्यात खोचला आणि माझ्या तोंडाकडं बघत बसला. मी त्याच्याकडं बघूनच पुढचं सांगितलं. मुलानं सगळं उडवलं, दुष्काळ पडला, कुणाची तरी डुकरं राखायची पाळी आली, आणि पोटात अन्नाचा कण नाही...

तेवढ्यात पुढून आरोळी आली. "हो-हो-हो-हो! चला, चला!" काटा सुरू झाला होता. सगळी श्रोतेमंडळी जागची उठली, जुवाकडं पळाली, चाबूक वाजले, आणि वीस गाड्या करकरत पुढं गेल्या. रस्त्याच्या मधोमध मी, माझी सायकल आणि ती डुकरं एवढेच उरलो.

बावड्याच्या घरी पोचलो तेव्हा दोन तास उशीर झाला होता. दार उघडणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही दोन गाणी म्हणून घेतली, प्रार्थना केली. हे पाळीवर गेले. चहा निवलाय, गरम करू का?"

त्या आठवड्यापासून मी बुधवारी सकाळीच निघू लागलो. आधी रांग, मग घरं. रांगेत उपदेश करायची एक वेगळी विद्या असते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. उभं राहून बोललं तर गाड्या निघून जातात. गाडीबरोबर चालत बोललं तर धाप लागते. शेवटी मी त्या दांडग्याच्या साठीवर, म्हणजे जुवाच्या मागं गाडीवान बसतो तिथं, त्याच्याशेजारी बसून बोलायला शिकलो. आवाज चढवायलाही शिकलो. दोन महिन्यांत माझा दूधवाला मला म्हणाला, "आता कसं माणसासारखं बोलाय लागला!"

अडचण एकच होती. रांग पुढं सरकायची आणि गोष्ट मागं राहायची. फाटकाजवळच्या लोकांनी शेवट ऐकलेला असायचा, नदीकडच्या लोकांनी सुरुवात. मग ते आपापसांत जोडून घ्यायचे. एका बुधवारी मला कळलं की धाकट्यानं डुकरं विकून तालीम काढली. दुसऱ्या बुधवारी वाटणीचा दावा बापानं जिंकला होता. एकानं तर मलाच समजावून सांगितलं की गोष्टीच्या शेवटी बाप मेजवानीला वासरू कापतो ते धाकट्याच्या लग्नात. मी म्हणालो, लग्न नव्हतं. तो म्हणाला, "मग कशापायी कापलं? तुमाला पुरतं म्हाईत न्हाय."

यावर उपाय म्हणून मी शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिका आणल्या. वाचणारा वाचेल, बाकीचे ऐकतील. गठ्ठा एका गाडीच्या दांडीवर ठेवला आणि गाणं म्हणायला उभा राहिलो. डोळे मिटून गाणं म्हणायची सवय. उघडले तेव्हा एक पांढरा बैल शेवटची पुस्तिका शांतपणे चघळत होता. मी ओरडलो. गाडीवानानं बैलाच्या पाठीवर थोपटलं. "खाऊ द्या, पाळक. आमच्या डोस्क्यात न्हाय, त्येच्या पोटात तरी गेलं."

ही बातमी चर्चच्या पंचांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. उसाचा रस कोटाच्या बाहीवर वाळलेला होताच. पंचांपैकी एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी बैठकीत विचारलं, "पाळकानं गाडीवर बसून चोथा थुंकत देवाचं वचन सांगावं, हे शोभतं का?" मी म्हणालो, बोलताना मी थुंकत नाही. आधी थुंकतो. थोरले पाळक खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. दुसऱ्या पंचांनी विचारलं, "बाप्तिस्म्याला किती जण तयार आहेत?" एकही नव्हता, आणि मी तसं सांगितलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ खाटेवर पडून राहिलो. रांगेत मला हसून बोलावत होते, ऊस देत होते, पण माझ्या सांगण्याचं कुणाच्या मनात काही राहत होतं का? का मी नुसता वाट बघणाऱ्यांचा वेळ घालवणारा होतो, रांगेत पत्ते कुटत बसणाऱ्यांसारखा?

पुढच्या बुधवारी फाटकाच्या अलीकडं एक गाडी रांगेतून बाहेर काढून लिंबाखाली सोडलेली दिसली. बैल सावलीत रवंथ करत होते. मागच्या गाड्या तिला ओलांडून पुढं जात होत्या. गाडीला टेकून तो म्हातारा बसला होता, पटक्यात कागद ठेवणारा.

"आबा, काय झालं? गाडीचा आस मोडला का?"

"आस चांगला हाय," तो म्हणाला. "मागल्या खेपंला डुकरांपतुर ऐकलं आन् गाडी आत गेली. त्याच्या आदल्या खेपंला बी डुकरांपतुर. आता म्हटलं बसूया. पुढं काय झालं त्येचं?"

दीड दिवस रांगेत काढून फाटकाशी आलेला माणूस गोष्टीचा शेवट ऐकायला बाजूला झाला होता. मी सायकल लिंबाला टेकवली आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसलो. मुलाला शुद्ध आली, तो उठून घराकडं निघाला, अजून तो लांब होता तोच बापानं त्याला पाहिलं आणि...

"बापानं पाहिलं? म्हंजे बाप वाटंकडं बघत बसलाता?"

"असणार."

"रोज?"

"रोजच असणार. मग बाप धावत गेला."

"बाप धावला?"

"हो."

"म्हातारा माणूस? धोतर सावरून?"

"धोतराचं लिहिलेलं नाही, आबा."

दोन गाड्या पुढं गेल्या. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. त्यालाही दोन मुलगे. थोरला शेती बघतो. धाकट्याचं नांगरात कधी लक्ष नव्हतं. त्याला शिवणकामाचं वेड. कुळवाड्याचं पोरगं, आणि बायकांची पोलकी शिवायला शिकणार म्हणायचं. बेंदराच्या दिवशी बैल सजवायला घेतले तर झूल सापडेना. खास करून घेतलेली, आरशांची झूल. सगळं घर धुंडाळलं. मिरवणूक निघाली आणि चावडीपुढं हे पोरगं त्या झुलीचा कोट शिवून अंगात घालून उभं!

मला हसू आवरेना. आबाही हसला, पण अर्धवट. "कोट चांगला झालता," तो म्हणाला. "पर मी गावासमोर वादीनं मारला त्येला. बैलाची वादी. दुसऱ्या दिवशी गेला. चार वर्सं झाली. गारगोटीला शिंप्याकडं हाय म्हंत्यात."

"मग तुम्ही गेला नाहीत?"

"मी कशाला जाऊ? त्येनं आलं पायजे. तुमच्या पुस्तकात बी पोरगंच आलं की आधी." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमी जाऊन ह्ये सांगशीला त्येला? डुकरांचं, आन् बाप धावल्याचं?"

मी त्या शनिवारी एस.टी.नं गारगोटीला गेलो. बाजारपेठेत दुकान सापडायला वेळ लागला नाही. मशीनवर बसलेला तरुण आबासारखाच दिसत होता, तेच रुंद कपाळ, तेच बघणं. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. मी वडिलांचं नाव काढलं तसं मशीन थांबलं. मग मी दाखला सांगितला. आयुष्यात इतक्या मनापासून तो मी कधी सांगितला नव्हता. उपाशी मुलाच्या जागी तर माझाच आवाज भरून आला.

त्यानं टाचण्या काढून नीट डबीत ठेवल्या. "पाळक, जेवलाय का तुमी?"

"नाही."

"चला." दुकानाच्या मागं त्याची खोली होती. बायको चुलीपाशी, पाळण्यात तीन महिन्यांची मुलगी. मला भाकरी, वांग्याचं भरीत आणि दही मिळालं. शिंप्यानं त्याला मुलासारखं ठेवलं होतं, हे दुकान आता निम्मं तोच चालवत होता. कन्याशाळेचे गणवेश त्याच्याकडं होते. मी जेवत असताना तो म्हणाला, "आबांना सांगा, मी डुकरं राखत न्हाय. मला काय कमी न्हाय. आन् मी गेलो न्हवतो, मला घालवला. गोष्टीतल्या बापानं वादी घेतलीती काय हातात?"

एस.टी.त परत येताना मला माझाच राग आला. मुलगा उपाशी असेल, रडत असेल, असं मी न विचारता धरून चाललो होतो. तो सुखात आहे म्हणून मला वाईट वाटत होतं! पाळकाला हे बरं दिसत नाही.

बुधवारी आबा त्याच लिंबाखाली होता. मी सगळं खरं सांगितलं. बायको, मुलगी, गणवेश, सगळं.

"डुकरं न्हाईत?"

"नाहीत, आबा."

"भाकरी हाय?"

"भाकरी, भरीत, दही. मी स्वतः जेवलो."

त्यानं मान खाली घातली. "मग कशाला यील त्यो," तो म्हणाला. हातातल्या उसाच्या कांड्याची साल तो नखानं काढत राहिला. मग विचारलं, "नात कुणावर गेलीया?"

तिचं कपाळही रुंद होतं, ते मी सांगितलं. मग तो उठला, गाडीतल्या गाठोड्यातून मांजरपाटाचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. ते कापड त्यानं कधी विकत घेतलं होतं कुणास ठाऊक. "त्येला म्हणावं बंडी शिवून दे. माप धाडत न्हाय. त्येचं त्यो बघंल."

मी पुन्हा गारगोटीला गेलो. धाकट्यानं कापड हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी चाचपलं, मापाचं काही विचारलं नाही. माझ्यासमोर खडूनं रेघा ओढल्या आणि तासाभरात बंडी तयार करून दिली. काज तर इतके सुबक की मास्तर-पंचांनीही दाद दिली असती.

पण लिंबाखाली आबानं ती अंगात घातली आणि आम्ही दोघं बघत राहिलो. खांदे खाली उतरलेले, पोटावर आणखी एक आबा मावेल एवढी जागा. दांडगा गाडीवान पुढून जात होता. तो ओरडला, "आबा, बंडी घातलीया का तंबू ठोकलाय?"

मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी म्हणालो, "चार वर्षांपूर्वीच्या अंदाजानं शिवली असेल."

आबा बंडीच्या कडा दोन्ही हातांनी ओढून बघत होता. "ढिली झालीया," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती, पण तोंडावर काही निराळंच होतं. "बारीक करून घ्याय पायजे. दुसरं कोण करणार? ज्येनं शिवली त्येनंच. कवा जाता तुमी?"

आबा जन्मात पहिल्यांदा एस.टी.त बसला आणि निम्मी वाट सरायच्या आत त्याला मोटार लागली. पहिल्यांदा खिडकीबाहेर, दुसऱ्यांदा माझ्या टोपीत. कंडक्टरनं गाडी थांबवून आम्हाला दोघांना खाली उतरून तोंडं धुवायला लावली. गारगोटीत आम्ही दुकानासमोर उभे राहिलो तेव्हा आबाचा चेहरा हिरवा झाला होता आणि माझ्या डोक्यावर टोपी नव्हती.

मशीन थांबलं. बापलेक एकमेकांकडं बघत राहिले. कुणी धावलं नाही. धावायला जागाही नव्हती, मधे शाळेच्या मुलींचे गणवेश पसरले होते.

"माप चुकलंय तुझं," आबा म्हणाला.

धाकटा उठला, गणवेश ओलांडून आला, आबाच्या खांद्यावर टेप लावला. मग छातीला. टेप हातात धरून तो तसाच उभा राहिला. "माप बरोबर हाय, आबा," तो म्हणाला. "तुमी वाळलाय." आतून बायको मुलीला घेऊन दारात आली. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो आणि एका केळीवाल्याशी, गरज नसताना, केळ्यांविषयी बोलत बसलो.

एवढ्यावर सगळं भागलं असतं तर बरं झालं असतं. पण आबाला थोरला मुलगाही होता.

गळीत संपत आलं होतं. एका बुधवारी आबाच्या गाडीवर दुसराच माणूस बसलेला. मी जवळ गेलो तसा तो खाली उतरला. उन्हानं करपलेला, हातापायाला भेगा, चेहऱ्यावर राग.

"पाळक तुमीच व्हय?"

"हो."

"आमचा म्हातारा रांग सोडून तुमच्यासंगं बसतोय. दोनदा ऊस वाळून गेला. काट्यावर माझी शोभा झाली. आता म्हंतोय, नातीला बघाय दर महिन्याला जाणार. मोटारीत वकतोय, घरी येऊन चार दिस झोपतोय, आन् मळ्यात मी एकटा. झुलीचा कोट त्येनं केला, बोलणी मी खाल्ली, आन् आता म्हातारा त्येच्याच बंडीत मिरवतोय!"

मी माफी मागितली. खरोखरच मागितली, कारण रांगेत सगळ्यांना गोष्ट सांगताना ह्या माणसाचा मला विसर पडला होता. तो जरा निवला. साठीवर बसला, मलाही बसायला जागा दिली.

"तुमच्या गोष्टीत थोरला हाय म्हणं?"

"आहे. तो शेतातून घरी आला. गाणं-वाजवणं ऐकलं आणि रागावून बाहेरच उभा राहिला. मग बाप त्याची समजूत घालायला बाहेर आला."

"बाप भाईर आला?"

"हो. म्हणाला, बाळा, तू नेहमी माझ्यापाशीच आहेस, माझं ते सगळं तुझंच."

"मग? गेला आत?"

येशूनं गोष्ट तिथंच थांबवली आहे. थोरला आत गेला की नाही हे सांगितलेलंच नाही. इतक्या वेळा ती सांगूनही हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"ते लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"बघा," तो म्हणाला. "त्येचं कुणी इचारलंच न्हाय." पण एवढं बोलून तो हसला. पुढून आरोळी आली आणि त्यानं कासरा ओढला.

मी संध्याकाळी थोरल्या पाळकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तीस वर्षं मी हा दाखला सांगतोय. आत गेला असेल असं धरून चालतो." मग म्हणाले, "म्हणजे आत जा असंच मंडळींना सांगत आलो. त्यांचे पाय दारातच का अडतात हे नाही विचारलं."

कारखान्याचा भोंगा बंद झाला, रांग संपली. बावड्याच्या दोन्ही घरांना पुन्हा रविवार मिळू लागला. माझी बदली झाल्याचं पत्रही त्याच सुमाराला आलं. कोट धुवून सामान बांधत होतो, तर खोलीच्या दारात आबाचा थोरला उभा. बाजाराला आला होता. हातात काकवीची लोटी.

"म्हाताऱ्यानं धाडलीया," तो म्हणाला आणि तिथंच घुटमळला. मग आपणहून म्हणाला, "त्येला मोटार लागती म्हणून मी गाडी जुपली. गेलतो."

"गारगोटीला? दोघं?"

"मुक्काम करत गेलतो. दोन दिस राहिलो."

"मग? काय बोलणं झालं?"

"बोलायचं काय त्यात?" तो म्हणाला. "त्येनं मटण केलतं. तिखट लई झालतं."